न फुलणाऱ्या घरगुती ऑर्किडला फुलावर कसे आणावे

भेट म्हणून आलेले फॅलेनॉप्सिस ऑर्किड दोन-तीन महिने डौलाने फुलते, मग फुले गळतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षे ते नुसते पानांवर राहते, अशी तक्रार पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून नेहमी ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण आधी खत बदलतात. वास्तविक पाने टवटवीत असूनही फुलांचा दांडा निघत नसेल, तर सहसा उजेड कमी पडत असतो किंवा हिवाळ्यातला गारवा मिळत नसतो, आणि पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकदमच नडतात. खताकडे सर्वांत शेवटी वळावे.

सर्वप्रथम मुळे तपासावीत. निरोगी मुळे टणक असतात. कोरडी असताना ती रुपेरी-करड्या रंगाची दिसतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत हिरवी होतात. दाबल्यावर पोकळ लागणारी, तपकिरी आणि वरची साल हातात येणारी मुळे कुजलेली समजावीत. विकत मिळणाऱ्या कुंडीत बऱ्याचदा मुळांभोवती शेवाळ घट्ट दाबून भरलेले असते, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याचा गाभा कित्येक दिवस ओलाच राहतो. असे आढळल्यास आचेवर तापवून निववलेल्या कात्रीने कुजका भाग काढून टाकावा आणि रोप लोणारी कोळसा, पाइनच्या सालीचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे यांच्या मिश्रणात लावावे. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन पाण्यांतून भिजवून धुवावेत, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. माती अजिबात वापरू नये. सह्याद्रीतली सीतेची वेणी (हेही एक ऑर्किडच) जशी झाडाच्या खोडाला उघड्या मुळांनी धरून राहते, तसेच फॅलेनॉप्सिसही मुळात दक्षिण व आग्नेय आशियातल्या जंगलांत झाडांवर वाढणारे आहे. दोन सरींच्या मध्ये त्याच्या मुळांना वारा लागावा लागतो. दांडा दिसू लागला असेल, तर मात्र कुंडी बदलण्याचे काम फुले संपेपर्यंत पुढे ढकलावे.

मुळे ठीक असतील तर पाने पाहावीत. चार-पाच मोठी पाने असलेल्या आणि वर्षभरात किमान एक-दोन नवी पाने काढलेल्या रोपाकडूनच फुलांची अपेक्षा धरावी. दोनच लिबलिबीत पाने उरलेल्या रोपाला त्या वर्षी फुलाचा आग्रह करण्यात अर्थ नसतो.

उजेडाच्या बाबतीत पानांचा रंग पुरेसा बोलका असतो. गर्द हिरवी, लांबट आणि लोंबणारी पाने दिसायला देखणी वाटतात, पण ती सावलीत वाढल्याची खूण असते. फुलावर येणाऱ्या रोपाची पाने किंचित पोपटी छटेची असतात. टीव्हीशेजारचे टेबल किंवा बैठकीच्या खोलीतला कोपरा आपल्या डोळ्यांना उजळ वाटला, तरी रोपाला तेथे उपासच घडतो. दुपारी बाराच्या सुमारास पानांच्या वर साधारण एक फुटावर हात धरून पाहावा. सावली पडलीच नाही तर उजेड अपुरा आहे, आणि रेखीव, काळी सावली पडली तर ऊन फार कडक आहे. कडा पुसट पण हाताचा आकार ओळखू येईल अशी सावली हवी. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची, कारण सकाळचे कोवळे ऊन थेट पडले तरी पाने करपत नाहीत. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात सूर्य खाली उतरल्यामुळे ऊन बरेच आत येते, म्हणून तेथे पातळ पडदा असावा. पश्चिमेच्या खिडकीतून मार्च ते मे या काळात कुंडी हलवलीच पाहिजे. पान हाताला गरम लागले, तर घड्याळ किंवा पंचांग न पाहता रोप मागे सरकवावे. पावसाळ्यात आभाळ सतत भरलेले असते, तेव्हा तेच रोप खिडकीच्या अगदी जवळ आणावे.

गारव्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तापमान सतत 28 अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर फॅलेनॉप्सिस पाने आणि मुळे वाढवत राहते, पण दांडा धरत नाही. दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 16 ते 20 अंश असे चार ते सहा आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतला झोपलेला डोळा जागा होतो. व्यावसायिक हरितगृहांत याच रीतीने खोली थंड राखून हव्या त्या महिन्यात फुले घेतली जातात. पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हे काम हवाच करते. रोप फक्त स्वयंपाकघराच्या उबेपासून दूर, आडोसा असलेल्या बाल्कनीत किंवा रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीजवळ ठेवावे. नाशिक परिसरात पारा 12 अंशांच्या खाली जाऊ लागला, की त्या रात्रीपुरते ते घरात घ्यावे.

मुंबई आणि कोकणपट्टीची अडचण खरी आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीतही दिवसाचे तापमान तिशीच्या घरात असते, त्यामुळे घरातली सर्वांत थंड खिडकी शोधून त्या मोजक्या आठवड्यांचा उपयोग करून घ्यावा लागतो. एसीची सोय असलेल्या खोलीत रोप ठेवल्यास मदत होते, मात्र गार झोत थेट पानांवर येऊ देऊ नये. माझे मत विचाराल तर समुद्रकाठच्या घरात फॅलेनॉप्सिसच्या मागे लागण्यापेक्षा उष्ण हवेत फुलणारी संकरित डेंड्रोबियम ऑर्किडे लावावीत. त्यांना ऊन अधिक लागते, आणि त्यांच्या पाने गळलेल्या जुन्या कांड्या वाळक्या समजून कापायच्या नसतात, कारण त्यांत अन्न साठलेले असते आणि त्यांवर पुन्हा फुले येऊ शकतात.

पाणी सकाळी द्यावे, मुळे रुपेरी झाल्यावरच द्यावे आणि कुंडीखालच्या बशीत साचू देऊ नये. पानांच्या मधल्या शेंड्यात थेंब राहिला तर तो कापसाने टिपून घ्यावा, नाहीतर शेंडा कुजतो. खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारे 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या काळात दर पंधरवड्याला पुरे होते. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. फुले आणणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्या गारव्याची आणि उजेडाची उणीव भरून काढत नाहीत.

पानाच्या बगलेतून हिरवे टोक बाहेर आले, की तो दांडा आहे की मूळ, हा प्रश्न पडतो. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत व चकचकीत असते आणि ते बहुधा खाली वळते. दांड्याचे टोक चपटे, थोडे अणकुचीदार असते, त्यावर खवल्यासारखी घडी दिसते आणि ते उजेडाकडे वर जाते. यापुढे कुंडी फिरवू नये, कारण दांडा उजेडाच्या दिशेने वळत असतो आणि वारंवार दिशा बदलल्यास तो वेडावाकडा होतो. दांडा वीतभर झाल्यावर त्याला बारीक काठीचा सैल आधार द्यावा. दांडा दिसल्यापासून पहिले फूल उमलायला साधारण तीन महिने लागतात. या काळात मुळे फार दिवस कोरडी राहिली किंवा जागा एकाएकी बदलली, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनेही हेच घडते, म्हणून केळ्यांचा घड किंवा आंब्याची अढी असलेल्या खोलीत कळ्या धरलेले रोप ठेवू नये.

फुले संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि रोप सशक्त असेल, तर तळापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या थोडे वर कापल्यास कधी कधी त्या पेरातून बाजूची फांदी फुटून पुन्हा फुले येतात. पाने तीनच असतील किंवा फुले एप्रिलमध्ये संपली असतील, तर दांडा तळाशी कापावा, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा या दोन्ही ऋतूंतली ताकद नव्या पानांकडे जाते.