घरच्या कॉम्प्युटरवर मेल सर्व्हर टाकलाय? मग या चुका टाळा

पोस्टफिक्स (मेल पाठवणारं आणि घेणारं) टाकलं, डवकॉट (आलेले मेल इनबॉक्समध्ये दाखवणारं) टाकलं, दोन्ही सर्व्हिस चालू दिसतायत, तरी जीमेलला पाठवलेला मेल काही पोचत नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच मेन डॉट सीएफ, म्हणजे पोस्टफिक्सची सेटिंगची फाइल, उघडतात आणि कुठूनतरी उचललेल्या चार ओळी त्यात कोंबतात, मग अजून चार, आणि संध्याकाळपर्यंत मूळ फाइल काय होती तेच कळेनासं होतं. आधी लॉग बघा ना! मेल डॉट लॉग नसेल (डेबियन १२ पासून तो आपोआप बनत नाही) तर जर्नल-सीटीएलमध्ये (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) पोस्टफिक्स शोधा, आणि मेलक्यू कमांड मारली की अडकलेला प्रत्येक मेल का अडकलाय ते तिथेच लिहिलेलं असतं.

तिथे 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं आणि पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) असेल तर तुमच्या कॉन्फिगमध्ये बहुतेक काही बिघडलेलंच नाही, स्पॅम थांबवायला बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या घरगुती लाइनवरून बाहेर जाणारा २५ बंदच ठेवतात. जीमेलच्या एमएक्स सर्व्हरला (मेल स्वीकारणारा सर्व्हर) २५ वर टेलनेट कमांडने जोडून बघा, नुसतं लटकलं तर समजा लाइनच बंद आहे. आणि समजा उघडा असला तरी घरगुती आयपी बहुतेक वेळा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींची यादी) असतो, तुम्ही एकही स्पॅम पाठवलेला नसला तरी. त्यात रिव्हर्स डीएनएस म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, तो डोमेनच्या पॅनेलमध्ये कितीही शोधलात तरी सापडणार नाही, कारण तो आयपी ज्याचा त्याच्या हातात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पीटीआर, टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि शिवाय एसपीएफ (तुमच्या डोमेनचे मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात ती डीएनएसमधली ओळ) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक तरी लागतंच. त्यामुळे स्पष्टच सांगतो, घरून थेट पाठवायचा हट्ट सोडा, मेन डॉट सीएफमधल्या रिलेहोस्टमध्ये एखादी एसएमटीपी रिले सेवा (तुमचा मेल पुढे पोचवणारी) टाका, पोर्ट ५८७, लॉगिनसकट.

येणारे मेल येत नसतील तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनी अनेक ग्राहकांत वाटते, आपल्याकडे हे सर्रास असतं, आणि मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन तिथून टनेल काढा. अजून एक, घरच्याच वायफायवरून स्वतःच्या पब्लिक आयपीला टेस्ट करू नका, बरेच राउटर ते वळवून आत घेत नाहीत आणि तुम्ही उगाच सर्व्हरवर संशय घेत बसता. जीमेलवरून एक मेल टाका आणि लॉग हलतोय का ते बघा.

आता सगळ्यात वाईट चूक. 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' दिसलं की लोक मायनेटवर्क्समध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवू द्यायच्या आयपींची सेटिंग) सगळं जगच घालतात, ०.०.०.०/०! मेल जातो, आनंद होतो, आणि सर्व्हरची धर्मशाळा होते, कुठला कोण बॉट तुमच्या नावाने स्पॅम पाठवत सुटतो. खरं कारण साधंच असतं. बाहेरून तुमच्याच डोमेनला आलेला मेल नाकारला जात असेल तर ते डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये (हा सर्व्हर ज्यांचे मेल स्वतः घेतो त्या डोमेनची यादी) नाहीये, आणि तुमच्या फोनवरून जाणारा मेल नाकारला जात असेल तर फोन लॉगिन न करता २५ वर जातोय, त्याला ५८७ वर पासवर्डने पाठवा.

लॉग म्हणतो 'स्टेटस सेंट' पण इनबॉक्स कोरा? पोस्टफिक्स टाकतंय व्हार-मेलमध्ये (/var/mail) आणि डवकॉट शोधतंय यूजरच्या होममधल्या मेलडिरमध्ये (Maildir). मेन डॉट सीएफमधल्या होम मेलबॉक्सला मेलडिर/ लिहा आणि शेवटचा स्लॅश विसरू नका, स्लॅश नसेल तर ते फोल्डर न बनता एक फाइल बनते.

एसपीएफचे दोन रेकॉर्ड ठेवू नका, दोन असले की तपासणीच फेल होते. रिले वापरताय तर त्यांनी दिलेला इन्क्लूड (include: ने सुरू होणारा भाग) त्याच एका ओळीत घाला. हे सगळं झालं की पोस्टक्यू -एफ (postqueue -f, अडकलेले मेल लगेच परत पाठवायची कमांड) मारा, अडकलेले मेल पोस्टफिक्स पाच दिवस टाकून देत नाही, त्यामुळे परत लिहायची गरज नाही.