एका दिवसात तेर कसं बघावं

धाराशिवहून तेरला येणारे बहुतेक जण गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवतात आणि परत फिरतात. मी इथं शाळेत इतिहास शिकवलाय. माझं ऐका, गोरोबाकाका शेवटी.

आधी लामतुरे संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडेल ते गोळा करून ठेवलं, त्यातूनच हे उभं राहिलं. सगळी कपाटं बघत बसू नका. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती बघा आणि हस्तिदंती बाहुलीपाशी थांबा. हिच्याच जातकुळीतली एक बाहुली इटलीत पाँपेईच्या ढिगाऱ्यात निघाली, आणि ते शहर इ. स. 79 मध्ये गाडलं गेलं. तेव्हाचं तेर म्हणजे तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड भडोच बंदरात जातं, असं एका ग्रीक खलाशाच्या वहीत लिहिलंय.

मग पांढरीच्या टेकाडांकडे चला. जुन्या वस्तीची ही माती, धाब्याच्या घरांवर घालायला लोक पिढ्यान्‌पिढ्या नेत आले. पावसाळा संपता संपता या, पाण्यानं खापरं उघडी पडलेली असतात. खापराची आतली बाजू बघा. बारीक गोल रेघा दिसल्या तर भांडं चाकावरचं. आत काळं, बाहेर लाल असेल तर ते भट्टीत पालथं घालून भाजलेलं. बघून झालं की जागच्या जागी ठेवा. एका पोरानं खिसा भरून आणला होता, त्याला मी उन्हात परत पाठवलं. जागेवरून हललेलं खापर मुकं होतं!

त्रिविक्रम मंदिरात दर्शन झालं की लगेच निघू नका, बाहेरून मागच्या बाजूला जा. विटांची ही वास्तू मागं अर्धगोल आहे आणि माथा गजपृष्ठासारखा, लेण्यातल्या चैत्यासारखा, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहासारखा. मुळात चैत्यच होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर आधी शांतपणे एक फेरी मारा, वाद नंतर.

आता तेरणाकाठी गोरोबाकाकांकडे. काकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवाचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट इथलीच. सकाळी टेकाडावर एखादं खापर नखानं टिचकी मारून पाहिलं असेल, तर पक्कं भाजलेलं कसं खणकन वाजतं ते तुम्हाला आता ठाऊक असेल.