आढीतला हापूस, डब्यातले काजू : या चुका टाळा

आढी बिघडली की पेंढा बाजूला सारायच्या आधी वासच सांगतो. पिकलेल्या आंब्याचा वास वेगळा आणि त्यातून येणारा आंबूस भपका वेगळा. एका वर्षी आमच्याकडे दुसऱ्या थरातलं फळ उचललं, तर देठाभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ. बोट टेकवलं तर आत गेलं. आम्ही माळ्यावरच्या उकाड्याला दोष दिला. चूक काढणीत होती. घाई होती म्हणून गड्यांनी फळं पिरगाळून काढली होती आणि देठ मुळातूनच निघाले होते.

देठकुजीची बुरशी बऱ्याचदा देठातच दबा धरून असते, फळ पिकू लागलं की आत उतरते. देठ उपटला की तिला वाट मोकळी होते आणि ओघळलेल्या चिकाने साल भाजते ती वेगळीच. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने काढा, दोन-तीन सेंटिमीटर देठ राहू द्या. खाली पडलेलं फळ दिसायला कितीही शाबूत असलं तरी आढीत नको.

‘काल एकही डाग नव्हता’ हे करपा या बुरशीच्या रोगाबद्दल हमखास ऐकू येतं, आणि ते खरंच असतं. मोहोरापासूनच, पाऊस-दवाच्या ओलीत बसलेली बुरशी कच्च्या फळावर गप्प राहते आणि पिकताना काळ्या ठिपक्यांनी वर येते. त्यावर ऊन पाण्याचा उपाय चांगला : 52 अंश सेल्सिअस, 10 मिनिटं, शक्यतो काढणीच्याच दिवशी. इथे लोक हात बुडवून अंदाज घेतात. हाताला सोसतं ते पाणी बुरशीलाही सोसतं, आणि कढत पाण्यात साल शिजते. थर्मामीटर घ्या. फळं टाकल्यावर पाणी निवतं, म्हणून ढवळत राहून पुन्हा बघा. नंतर सावलीत पूर्ण कोरडी करा. ओलं फळ पेंढ्यात घातलं तर सगळी मेहनत पाण्यात.

या पाण्याने फळमाशी मात्र जाणार नाही. तिची अंडी-अळ्या गरात असतात, उष्णता तिथवर पोचायला वेळ लागतो. युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात तो त्यासाठीच. फळमाशीमुळेच 2014 मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली. घरच्या बागेत मिथिल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा ‘रक्षक’ सापळा फळ पक्व होण्याच्या बऱ्याच आधी टांगा. त्यात फक्त नर सापडतात, फळात आधीच घातलेल्या अंड्यांना त्याने काही होत नाही, म्हणून आढीच्या खोलीत टांगून काही साधत नाही. किडकी फळं कलमाच्या बुडाशी टाकाल तर अळ्या तिथल्याच मातीत कोष करतील. ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवू नका. 12-13 अंशांखाली त्याला थंडी बाधते, साल खड्डे पडून करपते, तो धड पिकत नाही आणि बाहेर काढला की लवकर सडतो. कापल्यावर आत पांढरट, आंबट भाग दिसला तर तो साका. ती कूज नव्हे, आढीत त्यावर काही इलाज नाही.

काजूचं गणित ओलाव्याचं. बी दोन-तीन दिवस खणखणीत उन्हात वाळवा, नख रुतता कामा नये. संध्याकाळी तापलेली बी तशीच गोणीत भरली की आत घाम येतो आणि बुरशी धरते. आधी निवू द्या. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून सुटून. सोललेल्या गरात किडीची जाळी दिसू लागली की वरचे चार गर फेकून डबा उन्हात ठेवणं पुरत नाही. त्या डब्यातले गर टाकून द्या, डबा धुऊन पार सुकवा. नवे गर हवाबंद पिशवीत चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर ठेवले की अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गरांना दव सुटतं. आणि धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या घरातल्या डब्यात कधीच नाही. त्यांच्या वायूने माणसं दगावतात.