कमांड लाइनवरून फायली कशा पाठवाव्यात आणि कशा मागवाव्यात

दोन संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर एकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्यासाठी पेनड्राइव्ह शोधत बसण्याची गरज नसते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, एक ओळ टंकली की काम होते. या ओळींत चुका होतात त्या बहुधा आज्ञेच्या नावात नव्हे, तर कोलन आणि तिरकी रेघ अशा बारीक खुणांत, म्हणून येथे भर त्यांच्यावरच दिला आहे. आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या तरी टंकताना रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरावीत. मोठे अक्षर हवे असेल तेथे तसे सांगितले आहे.

पहिले काम जोडणीचे. ज्या संगणकाशी जोडायचे आहे, त्यावर एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याची पद्धत) सर्व्हर चालू असला पाहिजे. लिनक्सवर त्यासाठी ओपनएसएसएच सर्व्हरचे पॅकेज बसवावे लागते आणि मॅकवर शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट लॉगिन’ सुरू करावे लागते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून जोडून घेणारा प्रोग्राम आयता मिळतो, सर्व्हर मात्र वेगळा बसवावा लागतो. त्यानंतर ‘एसएसएच वापरकर्ता@१९२.१६८.१.२०’ अशी आज्ञा देऊन पाहावी. यात नाव आणि आकडे, म्हणजे समोरच्या संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता, अर्थातच आपापले घालावेत. पहिल्या वेळी समोरच्या यंत्राच्या किल्लीचा, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक मजकुराचा, ठसा दाखवून पुढे जायचे का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता ‘यस’ टंकतात. शक्य असेल तर तो ठसा समोरच्या यंत्रावर पाहून ताडून घ्यावा. पुढे कधी किल्ली बदलल्याचा इशारा आला, तर त्या यंत्रावर नवी प्रणाली बसवली आहे का, किंवा तो पत्ता दुसऱ्याच यंत्राला मिळाला आहे का, हे आधी तपासावे.

जुन्या मार्गदर्शिकांत येथे एफटीपी ही फायली पाठवण्याची जुनी पद्धत सुचवलेली आढळते. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एमआयटीत असताना त्याचा पहिला आराखडा लिहिला आणि फायलींची देवाणघेवाण पुढे अनेक वर्षे त्यावर चालली. पण मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर १९९५ मध्ये तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिले, ते याच प्रकारच्या उणिवेवर उपाय म्हणून. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने साध्या एफटीपीच्या वाटेला जाऊ नये.

एखादी फाइल पाठवायची असेल, तर एससीपी पुरेसे आहे: ‘एससीपी अहवाल.पीडीएफ वापरकर्ता@१९२.१६८.१.२०:कागदपत्रे/’. आधी उगम, मग मुक्काम, हा क्रम कधीही बदलत नाही. मागवायची असेल तर पत्त्याचा भाग आधी येतो आणि शेवटी एक टिंब दिले की फाइल चालू फोल्डरमध्ये उतरते. मुक्कामात फोल्डर न देता फक्त पत्ता दिला आणि त्यानंतरचा कोलन राहिला, तर एससीपी तक्रार न करता त्या पत्त्याच्याच नावाची एक प्रत आपल्याच संगणकावर तयार करते, आणि आपण समोरच्या यंत्रावर फाइल शोधत बसतो. पूर्ण फोल्डरसाठी ‘-आर’ जोडावे. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडणी घेतो तो) नेहमीचा २२ नसेल, तर एससीपीत मोठा ‘-पी’ लागतो, एसएसएचमध्ये मात्र लहान. ही विसंगती निमूटपणे पाठ करण्यावाचून इलाज नाही.

समोर कोणत्या फायली आहेत हेच माहीत नसेल, तर एसएफटीपीने आत शिरून ‘एलएस’ने यादी पाहावी, ‘गेट’ने फाइल आणावी, ‘पुट’ने पाठवावी आणि ‘बाय’ म्हणून बाहेर पडावे. वेबच्या पत्त्यावरून काही उतरवायचे असल्यास ‘डब्ल्यूगेट -सी’ वापरावे. जोडणी तुटली आणि समोरच्या सर्व्हरची साथ असली, तर अर्धवट फाइल तेथूनच पुढे सुरू होते.

मोठा फोल्डर असेल किंवा तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तर मात्र आरसिंकला पर्याय नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन दोन्ही बाजूंच्या फायलींचा आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहते, जे जुळते ते सोडून देते आणि बदललेल्या फाइलमधलाही शक्यतो बदललेलाच भाग पाठवते. आज्ञा अशी: ‘आरसिंक -एव्ही छायाचित्रे/ वापरकर्ता@१९२.१६८.१.२०:साठा/’. यातील ‘छायाचित्रे’नंतरची तिरकी रेघ फार महत्त्वाची आहे. ती असेल तर फोल्डरच्या आतला ऐवज थेट ‘साठा’मध्ये पसरतो; नसेल तर ‘साठा’मध्ये ‘छायाचित्रे’ नावाचा फोल्डर तयार होतो.

एरवी हा फरक केवळ पसाऱ्याचा ठरला असता. पण उगमात नसलेल्या फायली मुक्कामातून काढून टाकणारा ‘--डिलीट’ सोबत असला की प्रकरण गंभीर होते. एकदा मी टॅब दाबून फोल्डरचे नाव पूर्ण केले, टर्मिनलने शेवटी रेघ आपणहून जोडली आणि ‘साठा’मधला छायाचित्रांखेरीजचा सगळा ऐवज डोळ्यांदेखत पुसला गेला. आरसिंकने काहीही चुकीचे केले नव्हते. ‘साठा’ हुबेहूब ‘छायाचित्रे’सारखा कर, असेच मी सांगितले होते. तेव्हापासून ‘--डिलीट’ असलेली आज्ञा मी आधी ‘-एन’ जोडूनच चालवतो: त्यात काय जाईल आणि काय पुसले जाईल याची यादी दिसते, प्रत्यक्षात मात्र काहीच हलत नाही.

मूळ फाइल काढून टाकायची असेल, तर त्याआधी दोन्ही प्रती एकच आहेत याची खात्री करावी. लिनक्सवर ‘शा२५६सम’ आणि मॅकवर ‘शासम -ए २५६’ या आज्ञांपुढे फाइलचे नाव दिले की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. ती दोन्ही यंत्रांवर काढून संपूर्ण ताडून पाहावी. एकही चिन्ह वेगळे निघाले, तर फाइल पुन्हा पाठवावी आणि तोवर मूळ प्रत हलवू नये.