मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना स्तरनिहाय मदत: नोंदींवरून निर्णय कसा घ्यावा

अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी बहुतेक शाळांकडे असते. त्या यादीवरून पुढे कोणी, केव्हा आणि काय करायचे, हे मात्र ठरलेले नसते. स्तरनिहाय मदतीच्या पद्धतीत, म्हणजे गरजेनुसार तीन स्तरांवर वाढती मदत देण्याच्या पद्धतीत, नेमके तेच आधी ठरवून घ्यावे लागते.

वर्षाच्या प्रारंभी, मध्यावर आणि अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याची छोटी चाळणी चाचणी घ्यावी. प्राथमिक इयत्तांत न वाचलेला उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगून बरोबर वाचलेले शब्द मोजले, तरी वाचनाचा बराच अंदाज येतो. निकाल हाती आल्यावर पहिली नजर अध्यापनावर टाकावी. साधारण 80 टक्के विद्यार्थ्यांचे पहिल्या स्तरावर, म्हणजे वर्गातल्या रोजच्या शिकवण्यावर भागावे, असा या पद्धतीचा ढोबळ आडाखा आहे. अर्धा वर्गच अपेक्षित पातळीच्या खाली असेल, तर जादा तास घेऊन काही साधत नाही. तेथे वर्गातले शिकवणेच सुधारावे लागते.

दुसऱ्या स्तरावर 3 ते 5 विद्यार्थ्यांच्या गटाला, नेहमीच्या तासाला धक्का न लावता, आठवड्यातून किमान तीन वेळा सुमारे अर्धा तास शिकवावे. गट पाडताना नुसते गुण पाहू नयेत. 52 मधून 27 वजा करून दोन विद्यार्थ्यांनी 35 हेच उत्तर लिहिले, तरी एकाने एककाच्या घरात 7 मधून 2 उलटे वजा केलेले असतात आणि दुसऱ्याने दशक सुटा करूनही दशकाच्या घरातला 5 तसाच ठेवलेला असतो. हा फरक उत्तरपत्रिकेत दिसेलच असे नाही. त्यासाठी गणित बोलून सोडवायला सांगावे.

प्रगतीची नोंद आलेखावर ठेवावी. समजा, एक विद्यार्थिनी मिनिटाला 40 शब्द वाचते आणि दहा आठवड्यांत 60 चे उद्दिष्ट आहे. तर आठवड्याला दोन शब्दांच्या वाढीची रेषा आखून दर आठवड्याचा बिंदू मांडावा. लागोपाठ चार बिंदू रेषेखाली आले, तर पद्धत, वेळ किंवा गटाचा आकार बदलावा. मात्र त्याआधी हजेरी पाहावी, कारण ठरलेले तास प्रत्यक्षात झालेलेच नसतात, असे पुष्कळदा आढळते.

तरीही फरक पडला नाही, तर तिसऱ्या स्तरावर एकेकट्याला किंवा दोघातिघांना रोज शिकवावे. दृष्टी आणि श्रवणाची तपासणी इथवर लांबवू नये. ती पहिल्या शंकेलाच करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेची शंका असल्यास तज्ज्ञांकडील मूल्यमापनही सर्व स्तर पूर्ण होईपर्यंत रोखून धरू नये. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2011 मध्ये तसे लेखी स्पष्ट केले होते.

उद्दिष्ट गाठलेल्या विद्यार्थ्याला गटातून मोकळे करावे, पण त्याचा आलेख आणखी काही आठवडे चालू ठेवावा.