मुलांना वावरात, झाडाखाली खेळू देताय? या चुका टाळा

खेड्यातलं पोरगं मातीतच वाढतं, त्याला मुद्दाम काय खेळवायचं, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की ओट्यावर मोबाइल. वावर हाकेच्या अंतरावर असून पोट्टे तिकडं फिरकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं माप असं आहे: तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी असावीत. डोळ्यांचा हिशेब वेगळाच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीचं मैदान दिलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. यासाठी उन्हातच उभं राहायला हवं असं नाही. झाडाच्या सावलीतही घरातल्या बल्बपेक्षा कितीतरी पट उजेड असतो.

खेळ बिघडतो तो दोन कारणांनी. कुणी पोराला जागचं हलू देत नाही, कुणी सकाळी सोडतं ते दिवेलागणीलाच हाक मारतं. धरायचं सूत्र सोपं आहे: पोराला दिसत नाही तो धोका मोठ्यांनी आधी काढायचा, आणि दिसतो तो त्याचा त्याला जोखू द्यायचा.

"उतर खाली, पडशील!"

खालून ओरडलं की वरच्या पोराचं लक्ष हातापायांवरून उडतं आणि पाय नेमका तेव्हाच सटकतो. बुंध्याशी जा आणि हळू आवाजात विचारा, "आता डावा पाय कुठं ठेवशील?" ते खाली बघतं, फांदी शोधतं, उतरतं.

याहून मोठी चूक म्हणजे चढता येत नाही म्हणून पोराला उचलून फांदीवर बसवणं. ज्याला चढता येत नाही त्याला उतरताही येत नाही, कारण चढताना हातापायांनी घेतलेली मापंच उतरताना उलटी वापरायची असतात. स्वतःच्या ताकदीनं जिथवर पोचेल तेवढीच त्याची उंची. पहिल्या आठवड्यात ती तुमच्या कमरेएवढी असेल, तर असू द्या.

चढायचा नियम एकच शिकवा: दोन हात, दोन पाय, यांतले तीन कायम टेकलेले आणि एकच हलता. पाय फांदीच्या मध्यावर न ठेवता बुंध्याजवळ ठेवायचा. साल सुटलेली, पानं झडलेली फांदी धरायची नाही. झाड चिंचेचं असेल तर उत्तम, लाकूड चिवट असतं. शेवगा मात्र नकोच, त्याची हिरवीगार फांदीही कडकन मोडते. जांभळाचंही तेच, आणि जांभळं पिकतात ती नेमकी पावसाच्या तोंडावर, साल ओली आणि निसरडी असताना. झाडावर चढून खेळायची डाबडुबली रंगायच्या आधी झाडाखालचे दगड, काचा आणि तुरीची-पऱ्हाटीची धसकटं उपटून घ्या. विळ्यानं तिरपं कापलेलं धसकट म्हणजे जमिनीत रोवलेला भाला असतो. पोरगं फांदीवरून पडून जेवढं लागत नाही तेवढं त्या धसकटावर पडून लागतं.

झोका बांधताना

फांदी आडवी आणि किमान आठ इंच जाड हवी. दोर बुंध्यापासून चार फूट लांब बांधा, नाही तर झोका तिरपा गेला की डोकं खोडावर आपटतं. दोर तुटतो तो गाठीशी कमी आणि फांदीवर घासून जास्त. म्हणून तिथं पोत्याचे दोन-तीन वेढे किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला आणि दर आठवड्याला वेढे सरकवून आतले धागे तपासा. बसायची फळी जमिनीपासून दीड फुटावर ठेवा. पोरांच्या आधी घरातल्या वजनदार माणसानं दोन्ही दोरांना लटकून बघावं.

खालची जमीन मात्र सगळेच विसरतात. आपली काळी माती पावसाळ्यात मेणासारखी असते, पण एप्रिलात ती सिमेंटसारखी होते. चार फुटांवरून पडणार असेल तर खाली नऊ इंच मोकळी वाळू हवी, तीही चहूबाजूंनी सहा फुटांपर्यंत. पाऊस पडून गेला की ती दबून बसते, फावड्यानं पुन्हा मोकळी करा. कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, मऊ लागतो म्हणून तेच पसरायचा मोह होतो. पण ओलं कुटार कुजतं, कोरड्यात विंचू दडतो, आणि कुणी विसरून ठेवलेलं दाताळंही त्यातच निघतं.

भर दुपारी "जा, बाहेर खेळ"

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडं पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मैदान सकाळी ६ ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर. अंगणवाडीतल्या लोखंडी घसरगुंडीला आधी तुमच्या हाताची उलटी बाजू पाच सेकंद लावा. तुम्हाला ठेववत नसेल तर पोराच्या मांडीला ती भाजणारच. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागायचं थांबत नाही. ते काम पाणी आणि सावलीच करते. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाजा, तहान लागायची वाट बघू नका. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून थोडं थोडं द्या.

डोकं दुखतं, मळमळतं असं म्हणालं की खेळ तिथंच थांबवा. ते असंबद्ध बरळायला लागलं, सुस्तावलं आणि अंग भाजल्यासारखं तापलं असेल, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, अंगावर पाणी ओतत आणि वारा घालत दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या पोराच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

फवारलेलं वावर आणि रिकामे डबे

जुलै ते ऑक्टोबर पऱ्हाटीवर फवारणी चालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि ती मोठी, धडधाकट माणसं होती. पोरांची कातडी पातळ असते, हात सारखा तोंडात जातो आणि वजन कमी असल्यानं तेवढंच औषध जास्त बाधतं. "फवारा कालचा आहे, आज वास नाही" हे कारण खरं नाही. वास उडाला तरी पानावरचं औषध तिथंच असतं. डब्यावर लिहिलेले दिवस मोजा. लेबल फाटलं असेल तर त्या वावरात खेळ नाही.

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण बघायला पोरांनाच शिकवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा आहे म्हणून ती बाटली खेळायला चालते असं मात्र नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओता, बाटलीला भोकं पाडा आणि विहीर-नाल्यापासून दूर खोल पुरा. भातुकलीची चूल मांडायला पोरांना बाटलीचं टोपण हवंच असतं, तेव्हा घरातली जुनी स्टीलची वाटी त्यांना देऊन टाका. औषध चोळलेलं गुलाबी-निळं बियाणं फार देखणं दिसतं, पोरं ते गोट्यांसारखं खेळतात. पेरणी झाली की उरलेली पिशवी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा. फवारून आलेल्या बापाच्या अंगावर लेकरानं धाव घेण्याआधी त्यानं आंघोळ करून कपडे बदलावेत.

शेततळं

इथं चर्चा नाही. प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर शेवाळ धरतं. पट्टीचा पोहणारा माणूसही त्यावरून हातापायांच्या बळावर वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. चहूबाजूंनी तारेचं कुंपण, कुलूप लावलेलं फाटक आणि प्रत्येक बाजूला खुंटीला बांधलेला, फुटाफुटावर गाठी मारलेला, पाण्यात सोडलेला दोर हवा. कठडा नसलेल्या विहिरीलाही तोच न्याय.

"चिखलात हात घालू नको"

कपडे मळतात म्हणून चिखलावर बंदी घालणं ही आपल्याकडची सगळ्यात सार्वत्रिक चूक असावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्यासाठी बाजारातून लाकडी बैल आणण्याआधी मातीचा एक तरी होऊ द्या. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो, कारण ती ओली फुगते आणि वाळली की आकसते. दोन वाट्या चाळलेल्या काळ्या मातीला एक वाटी बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळा, थोडं पाणी घालून रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवा, सकाळी पायानं तुडवा. बैलाचे पाय तुटून पडतात ते बहुतेक वेळा जोड कोरडा राहिल्यानं. आधी दोन्ही पृष्ठभाग काडीनं खरवडा, पातळ चिखल लावा, पायात तुराटीचा तुकडा कण्यासारखा खुपसा आणि मग चिकटवा. शिंगं सगळ्यात शेवटी. दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, उन्हात ठेवला तर तडे जाणारच. पहिल्यांदा पाय तुटला की पोरगं रडतं, दुसऱ्यांदा जाड पाय करतं, तिसऱ्यांदा तुराटी स्वतःहून मागतं. आपण "आण, मी करून देतो" म्हणालो की तिसरी वेळ येतच नाही.

माती गोठ्यातली किंवा उघड्यावर शौचाला बसतात तिथली घेऊ नका. खेळ झाला की साबणानं हात धुणं, नखं कापलेली असणं आणि पायात चप्पल, एवढं पुरे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नका. दोन वर्षांच्या पुढं ४०० मिलिग्रॅमची पूर्ण, एक ते दोन वर्षांत अर्धी. धनुर्वाताचे डोस पाच-सहा वर्षांचा, दहाचा आणि सोळाचा असे आहेत. कार्डावर शिक्का आहे का ते बघा.

साप, विंचू आणि खायच्या-न खायच्या गोष्टी

"साप आहे तिकडं" म्हणून घाबरवलेलं पोरगं दिसलेला सापही लपवतं, कारण सांगितलं तर खेळ बंद होतो. त्यापेक्षा सवयी लावा: दगड हातानं उचलायचा नाही, काठीनंच उलटायचा. गवतात चालताना काठी पुढं आपटायची, बिळात हात घालायचा नाही. घोणस गवतात आणि धुऱ्यावर दबून बसते, सहसा पळत नाही, म्हणून पाय पडतो. चावा झालाच तर दोर आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका. हातपाय हलू न देता फळी बांधा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

बोरं, चिंचा, मोहाची फुलं, चारोळी पोरांनी खावी, पण मोठ्या माणसाला दाखवून. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाल्ल्या की काही वेळात उलट्या-जुलाब सुरू होतात. गुंजेची लाल-काळी बी चावली गेली तर जीवावर बेतू शकतं. धोतऱ्याला हात नाही. काही खाल्लंच तर घरी उलटी काढत बसू नका. तोंडातलं उरलेलं बाहेर काढून ती बी सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा धुवा, चोळू नका.

गडगडलं तरी डाव चालू

जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विजेचा धोका पावसाच्या आधीच सुरू होतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत आला तर डाव मोडा. झाडाखाली, टिनाच्या उघड्या शेडमध्ये किंवा बंडीखाली थांबायचं नाही. पक्क्या घरात नाही तर बंद गाडीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, शिक्षकांच्या फोनवर ते असावंच. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं थांबा. पाऊस उघडला की पोरं दहाव्याच मिनिटाला दारात उभी असतात. तेव्हा घड्याळ त्यांच्याच हातात द्या आणि काटा कुठं आल्यावर निघायचं ते दाखवून ठेवा.