किनाऱ्यावरचे पक्षी: फोटो आणि ओळख

भरतीच्या तास-दोन तास आधी जाऊन बसा, पाणी चढलं की पक्षी आपोआप तुमच्याकडे सरकतात, मागे धावलात तर उडालेच म्हणून समजा. चिखलात आडवं पडायचं, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला, कपड्यांचं काय ते नंतर बघू. शटर स्पीड निदान १/१६०० सेकंद.

ओळखताना रंगावर जाऊ नका, थंडीत सगळेच राखाडी दिसतात! आधी चोच आणि पाय बघा. कर्ल्यू आणि व्हिंब्रेल दोघांची चोच खाली वाकलेली, पण व्हिंब्रेलच्या डोक्यावर पट्टे असतात. रेडशँक बसलेला असताना लाल पाय दिसतात, पण उडताना पंखाच्या मागच्या कडेची पांढरी पट्टी दिसते, तो फोटो हलला असला तरी डिलीट करू नका.